हरणांचा लाल कागद

आमच्या घरात घर गरम करणाऱ्या हीटिंगची तबकडी जिन्याखाली आहे. मी तिला हात लावला की मागून कुणीतरी खाकरल्यासारखं होतं. मागं कुणी नसतं. वसंतमामांना जाऊन दीड वर्ष झालं आणि हे घर तर त्यांनी पाहिलंही नव्हतं. तरी माझा हात सोळा अंशांवर थांबतो. सुनंदा, म्हणजे माझी बायको, आतून ओरडते, "अहो, मामा गेले आता. एकोणीस करा की!" मग मी करतो. पण चोरी केल्यासारखा करतो.

मामा माझे सख्खे मामा नव्हेत. इंग्लंडात, लीड्समधले आमचे घरमालक. त्यांची भाची केतकी फोनवर मामा म्हणायची, ते ऐकून आम्हीही म्हणायला लागलो. सुनंदा नर्स. तिला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि तिच्या व्हिसाला जोडून मी आलो. कऱ्हाडला मी टेंपो चालवायचो. शाळा नववीत सुटली ती सुटलीच. इथं दारातल्या फटीतून इंग्रजी पत्र आत पडलं की मी ते न फोडता सुनंदासाठी ठेवून द्यायचो, मग ते पिझ्झाच्या दुकानाचं का असेना.

खोली बघायला गेलो तेव्हा मामांनी भाडं नंतर सांगितलं. आधी मला खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, "अंगावर थर किती?"

"आं?"

"बनियन, शर्ट, स्वेटर. मोजा."

मी मोजले. "तीन."

"चौथा चढवा आणि मग या राहायला. या घरात सोळाच्या वर जायची पद्धत नाही."

सहा फूट उंच, काटकुळे, नाक लांब आणि त्या नाकाच्या शेंड्याला थंडीत कायम एक थेंब. चाळीसेक वर्षांपूर्वी मिरजेहून आलेले. एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायचे. निवृत्त झाले तेव्हा कारखान्याच्या टेबलातले पेन्सिलीचे तुकडे घेऊन घरी आले. पेन्सिल बोटात मावेनाशी झाली की तिला जुन्या बॉलपेनची नळी जोडायची आणि पुन्हा वापरात. मी गेलो तेव्हा निवृत्तीला दहा वर्षं झाली होती आणि तुकड्यांचा डबा अर्धा शिल्लक होता.

लग्न केलेलं नव्हतं. का नाही, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. सुनंदानं एकदा विचारलं. मामा म्हणाले, "एकट्याला पुरतं." काय पुरतं ते सांगितलं नाही.

किटलीत पाणी कपानं मोजून घालायचं. दोघांचा चहा तर दोनच कप. ओव्हनमध्ये काही भाजून झालं की त्याचं दार सताड उघडं ठेवून समोर खुर्ची टाकून बसायचे. "उष्णता विकत घेतलीय. भिंतींना का द्यायची?" संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात ब्रेडवर सवलतीची पिवळी स्टिकरं लागायची वेळ त्यांना दुकानदारापेक्षा नक्की ठाऊक. कपडे म्हणाल तर सव्वीस डिसेंबरच्या आधी मोजेसुद्धा घ्यायचे नाहीत. सव्वीसला सेल लागतो, तेव्हा घ्यायचे. पंचविसापर्यंत पाय गार राहिले तरी चालतील. आणि खोलीतून माणूस बाहेर पडलं की दिवा बंद. माणसाच्या मागोमाग अंधार चालत यायचा त्या घरात. मी संडासात असताना दोनदा बाहेरून दिवा गेलेला आहे.

"लोक मला चिकट म्हणतात," ते सांगायचे. "म्हणू देत. त्याला पैसे पडत नाहीत."

आता हाच माणूस एका गोष्टीत कसा होता, ते सांगतो. इकडे येऊन वर्ष झालं की आपलं भारतातलं लायसन्स चालत नाही. इथली परीक्षा द्यावी लागते आणि तिचा पहिला भाग काँप्युटरवर, सगळा इंग्रजीत. मला किराणा पोचवायच्या गाडीवर काम मिळालेलं. लायसन्स गेलं तर काम गेलं. मी दोनदा नापास झालो. दुसऱ्यांदा घरी आलो तेव्हा तोंड लपवून जिना चढत होतो. खालून आवाज आला.

"संपत. खाली ये. नापास झालास?"

"व्हय."

"किती वाचलं होतंस?"

"वाचतो मामा, पण ध्यानात राहत नाही. शाळाच कमी झाली आपली."

"शाळेचा काय संबंध? तू वाचतच नाहीस, शब्दांवरनं हात फिरवतोस. बस इथं."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सहा ते साडेसात, उघड्या ओव्हनसमोर, आमची शिकवणी. वहीबिही नाही. दारात येणारी पाकिटं मामा सुरीनं कडेनं उलगडायचे, आतली बाजू वर करायचे आणि त्यावर मला एकेक वाक्य लिहायला लावायचे. बँकेच्या पाकिटांना आतून निळी नक्षी असते, त्या नक्षीवर माझं इंग्रजी उमटलेलं आहे. मी एकच शब्द वीसदा चुकायचो आणि ते एकविसाव्यांदा पहिल्यासारखंच सांगायचे. चिडले नाहीत, घड्याळाकडे बघितलं नाही. दिवा त्या वेळी दोघांसाठी जळत असायचा आणि त्याबद्दल चकार शब्द नाही.

तिसऱ्यांदा पास झालो. घरी येऊन पाया पडलो तर म्हणाले, "पुरे. आता ती पाकिटं फेकू नकोस. पाठकोरी बाजू आहे अजून." एवढंच. पण त्या माणसानं मला काय दिलं ते मला ठाऊक आहे. आज पत्र पडलं की मी उभ्या उभ्या फोडून वाचतो.

आता त्या कागदाचं.

केतकी राहते स्टॅनमोरला, लंडनच्या कडेला. नवरा-बायको दोघं नोकरीत. मुलगी ईरा इथंच जन्मलेली. पूर्वी कधीतरी एका ख्रिसमसला केतकीनं मामांना स्वेटर पाठवला. लाल चकचकीत कागदात, त्यावर पांढरी हरणं. मामांनी सुरीनं चिकटपट्टी सोडवली, कागद काढला, मंद इस्त्री फिरवली आणि घडी करून ठेवला. पुढच्या डिसेंबरात त्याच कागदात केतकीला भेट गेली. दुसरी कुणी असती तर रागावली असती. केतकीनंही कागद जपून उघडला, इस्त्री केली आणि त्याच्या पुढच्या वर्षी त्यातच भेट परत पाठवली. मग रिवाजच पडला. एका वर्षी स्टॅनमोरहून लीड्सला, दुसऱ्या वर्षी लीड्सहून स्टॅनमोरला. चिकटपट्टीला बंदी, फक्त सुतळी. तरी कडा झिजायच्या. मामा त्या कात्रीनं सरळ कापायचे. कागद दरसाल लहान आणि मग भेटही लहान, कारण भेट कागदात मावली पाहिजे. स्वेटरवरून मफलर, मफलरवरून टोपी, टोपीवरून साबण. ईरा दर वर्षी फोनवर विचारायची, "मामाआजोबा, किती डिअर राहिला?" मामा गंभीरपणे मोजून सांगायचे. मी सांगतोय त्या वर्षी नऊ हरणं उरली होती आणि पाठवायची पाळी मामांची होती.

कागद अकरा वर्षं जात-येत होता. मामा एकदाही गेले नव्हते.

दर डिसेंबरच्या पहिल्या रविवारी केतकीचा फोन यायचा. मामा तो टेबलावर आडवा ठेवून स्पीकरवर बोलायचे, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू यायचं.

"मामा, यंदा ख्रिसमसला येताय ना?"

"अगं, या दिवसांत तिकिटं काय असतात! जानेवारीत येतो."

"मागच्या वर्षी पण जानेवारीच म्हणालात."

"मग तोच जानेवारी समज."

केतकी हसायची. पण त्या वर्षी हसली नाही. म्हणाली, "मामा, आई आलीय मिरजेहून. सत्तावीसला परत जाणार. डॉक्टर म्हणालेत, यापुढे एवढा प्रवास नको. आता ती परत यायची नाही इकडं. आणि तुम्ही काही तिकडं जात नाही."

मामा टेबलावरचे ब्रेडचे कण बोटानं गोळा करत होते.

"मी गाडी घेऊन येऊ का तुम्हाला न्यायला?"

"छे! दोनशे मैल यायचं आणि दोनशे जायचं? पेट्रोल झाडाला लागतं का?"

मग फोनवर म्हातारा पण खणखणीत आवाज आला. मामांची थोरली बहीण, अक्का.

"वश्या, जेवलास का?"

सहा फुटी माणूस खुर्चीत एकदम सरळ झाला. "जेवलो."

"काय?"

"भात."

"नुसता?"

"आमटी होती."

"बरं." अक्का म्हणाल्या. "ठेवू का? तुझं बिल येत असेल."

"अक्का, याला बिल येत नाही."

"मग बोल की."

मामांनी फोन जवळ ओढला. नाकाचा थेंब पुसला. फोनच्या त्या टोकाला अक्का वाट बघत होत्या, ते आम्हाला जिन्यातूनसुद्धा कळत होतं. शेवटी मामा म्हणाले, "थंडी आहे तिथं. पाय सांभाळ." आणि फोन ठेवून बसून राहिले. ओव्हन कधीच गार झाला होता. दार उघडंच होतं.

त्यानंतरचे तीन आठवडे मामांनी जायचं नाव काढलं नाही. सुनंदानं दोनदा विषय काढला. "बघू," एवढंच उत्तर. आपण काय बोलणार? भाडेकरू माणसं. सत्तावीस तारीख जवळ येत होती आणि मी मनातल्या मनात दिवस मोजत होतो, जणू माझीच बहीण चालली होती.

ख्रिसमसच्या दिवशी सुनंदाची ड्यूटी होती, सकाळी साडेसात ते रात्री आठ. मी माझ्या जुन्या गाडीतनं तिला सोडून आलो. मला सुट्टी, त्या दिवशी इथं कुणी किराणा मागवत नाही. घरात शिरलो तर हीटिंग बारावर. टेबलावर एक उलगडलेलं पाकीट, त्यावर मामांचं नकाशातल्यासारखं अक्षर: 'स्टॅनमोरला जातो. दूध संपवा.'

मला आनंद झाला. तो पुरता व्हायच्या आतच डोक्यात लख्ख झालं. आज पंचवीस डिसेंबर. आज या देशात एकही आगगाडी सुटत नाही. बससुद्धा नाही. सुनंदाच्या ड्यूटीपायी मला हे पाठ झालं होतं. मामांना चाळीस वर्षांत ठाऊक झालं नव्हतं, कारण चाळीस वर्षांत ख्रिसमसला ते कुठं निघालेच नव्हते!

आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, हा माणूस महिनाभर आधी स्वस्तातलं तिकीट काढल्याशिवाय आगगाडीत पाय ठेवायचा नाही. आज तो तिकीट न काढता निघाला होता. सकाळी उठून मन झालं आणि निघाला. मन पुन्हा फिरायच्या आत.

सापडले कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर. मांडीवर कापडी पिशवी, कानटोपी, नाकाला थेंब. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

मी काच खाली केली. "मामा, किती वेळ झाला?"

"तास झाला असेल. रविवारचं टाइमटेबल असणार आज. येईल."

"मामा, आज बस नाही."

"मग स्टेशनपर्यंत चालत जातो."

"आज ट्रेन पण नाही. कुठलीच. उद्याही नीट नसतात."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे. चेहऱ्यावर आधी सुटल्यासारखं काहीतरी आलं, ते मी पाहिलं. ते गेलं आणि जे आलं ते बघवेना.

"बसा गाडीत," मी म्हणालो. एरवी मी कुणाला असं सांगत नाही.

"दोनशे मैल आहे."

"माहीत आहे. लायसन्स तुम्हीच काढून दिलंय. बसा."

बसले. पहिली दहा मिनिटं सूचना. पाचवा गिअर टाक. साठच्या वर जाऊ नकोस, पेट्रोल पितं. मग एकदम परीक्षेतला प्रश्न, "साठला ब्रेक दाबला तर गाडी कितीवर थांबते?"

"त्र्याहत्तर मीटर."

"हं."

मोटरवे इतका मोकळा मी पुन्हा कधी पाहिला नाही. तासभर गाडी चालली. मग समोर बघतच मामा म्हणाले, "भावजी गेले तेव्हा मे महिना होता. सुट्ट्यांचे दिवस, तिकीट दुप्पट. अक्काच फोनवर म्हणाली, नको येऊस, परवडायचं नाही तुला. मला ते बरं वाटलं, संपत. तिनंच सांगितलं म्हणून गेलो नाही, असं सगळ्यांना सांगत आलोय." पिशवीचे बंद त्यांनी बोटाला गुंडाळले. "परवडत होतं."

मी गाडी चालवत राहिलो.

पुढं बाहेर पडायच्या रस्त्याची निळी पाटी आली तसे म्हणाले, "इथनं वळव."

"मामा..."

"वळव म्हणतो ना! काय तोंड दाखवू तिला? फोनवर बोलता येत नाही मला, समोर काय बोलू? चल परत."

मला मोठ्या माणसाला नाही म्हणता येत नाही. या माणसाला तर नाहीच. पण पाटी जवळ येत होती आणि मी म्हणून गेलो, "मामा, निम्म्याहून जास्त आलोय. परत गेलं तर आलेलं सगळं पेट्रोल वाया."

त्यांनी नाकातनं मोठा श्वास सोडला. पाटी डाव्या हाताला मागं गेली.

"हरामखोरा," ते म्हणाले. "चल मग."

दार ईरानं उघडलं. बारा वर्षांची पोर, तोंडात घास. तिनं मामांना फोनच्या काचेतच पाहिलेलं. वर, आणखी वर बघत ती म्हणाली, "मामाआजोबा? तुम्ही एवढी टॉल आहे?" आणि आत पळाली, "मम्मी! तो आला! खरंच आला!"

केतकी हातात पळी घेऊन आली आणि दारातच थांबली. मला मोहरीची फोडणी दिलेल्या स्प्राउट्सचा, म्हणजे लिंबाएवढ्या कोबीचा, वास येत होता. तिच्या मागं, काठी टेकत, ख्रिसमसच्या जेवणाचा कागदी मुकुट घातलेल्या अक्का. पाच फुटांच्या, भावाचं तेच लांब नाक.

"वश्या," त्या म्हणाल्या, "किती वाळलास."

मामांनी पिशवीत हात घातला आणि लाल पुडकं काढून पुढं केलं. नऊ हरणं, सुतळीची गाठ. केतकीला पाठवायचं ते, पण हात अक्कांच्या पुढं गेला.

आणि अक्कांना त्या कागदाचं कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. त्यांनी सुतळी ओढून काढली आणि म्हाताऱ्या बोटांनी टर्रकन कागद फाडला.

ईरानं "आजी, नो!" म्हणून किंकाळी फोडली. केतकीचा हात तोंडावर गेला. मी मामांकडे बघायचं टाळलं. अकरा वर्षं टिकवलेला कागद दारातल्या पायपुसण्यावर पडला होता.

"काय झालं?" अक्का म्हणाल्या. "फाडायचा नव्हता होय?"

मामा तुकड्यांकडे बघत होते. मग म्हणाले, "राहू दे. आता टपालानं कुणाला पाठवायचंय? मी इथंच आहे."

आत लोकरी मोजे होते. जाड, करड्या रंगाचे, दुकानाची किमतीची चिठ्ठी तशीच. आज पंचवीस तारीख होती. मोजे सव्वीसच्या आधी घेतलेले होते, पूर्ण किमतीत. अक्कांना यातलं काय कळणार? त्या चिठ्ठी डोळ्यांजवळ नेऊन म्हणाल्या, "एवढ्या लांबनं मोजे आणलेस होय? दोन्ही पायांचे आहेत ना?" तेव्हा मामा हसले. मी राहत होतो त्या अख्ख्या काळात त्यांना मोठ्यानं हसताना ऐकलं ते तेवढंच. हसता हसता खाली बसले आणि दारातच, पायपुसण्यावर, स्वतःच्या हातांनी बहिणीच्या पायांत ते मोजे चढवायला लागले. "मे महिन्यात यायला हवं होतं मी," ते तिच्या घोट्यांना सांगत होते. अक्कांनी त्यांच्या कानटोपीवर हात ठेवला. म्हणाल्या, "जेवायला चल. गार होतंय."

केतकीच्या घरात हीटिंग बावीसवर. जेवताना मामांना घाम फुटला. एक स्वेटर काढला. मग दुसरा. खाली तिसरा होता, निळा, नवा कोरा. वाढता वाढता केतकीचा हात थांबला. त्या लाल कागदातनं पहिल्यांदा गेलेला तो स्वेटर.

"मामा, तुम्ही तर म्हणाला होता, जपून ठेवलाय म्हणून."

"मग? आतच घालतो. वरनं घातला तर झिजतो."

चारच्या सुमाराला मी निघालो. सुनंदाला आठला आणायचं होतं. मामा राहणार होते, सत्तावीसला अक्कांना विमानावर सोडूनच परतणार होते. दारापर्यंत कुणी आलं नाही, मीच नको म्हणालो. तिकडं मामांच्या शेजारी अक्का काहीबाही सांगत होत्या आणि मामा मान डोलावत होते.

त्यानंतर मामा बरीच वर्षं होते, आम्ही त्यांच्या घरात राहिलो, भांडलोही. शेवटी हॉस्पिटलातही मी होतो. पण मामा म्हटलं की मला दिसतं ते त्या दिवसाचं.

बाहेर अंधार पडत आला होता, डिसेंबरात इथं चारलाच दिवस संपतो. स्टॅनमोरच्या त्या घराच्या सगळ्या खिडक्या उजळलेल्या, वर-खाली, सणाचं घर. मी गाडीची काच पुसली, चावी फिरवली आणि सहज वर बघितलं. माळ्यावरच्या खोलीतला दिवा गेला. मग शेजारच्या खोलीतला. जिन्याच्या खिडकीत एक लांब सावली उतरताना दिसली आणि तिच्या मागं जिनाही अंधारला. एकेक करून सगळं घर विझत आलं. फक्त खालची पुढची खोली, जिथं सगळी माणसं बसली होती, तेवढी लख्ख उजळलेली राहिली. सावली त्या खोलीच्या दारात आली, आत गेली आणि तिथला दिवा तसाच राहिला.